विश्लेषण : मनाच्या दुखण्यासाठी नेमके कोणाकडे जायचे? समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ यांच्यात फरक काय?

समजा, लातूरमध्ये खोली घेऊन ‘नीट’ची तयारी करणारा एक मुलगा आहे. दोन महिन्यांपासून त्याला धड झोप नाही, जेवण तुटले आहे, पुस्तक उघडले तरी ओळ पुढे सरकत नाही. गावाकडून आई येऊन राहते. ‘एखाद्या समुपदेशकाला दाखवा,’ असे मामा फोनवर सांगतो. मोबाइलवर शोध घेतला की डझनभर नावे समोर येतात. कोणी ‘माइंड कोच’, कोणी ‘कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’, कोणी ‘हिप्नोथेरपिस्ट’, तर कोणाच्या नावापुढे ‘एमडी’. बहुतेकांना पाचपैकी साडेचार तारे. यांतील कोण किती शिकले आहे, औषध कोण देऊ शकते आणि काही चुकले तर दाद कुठे मागायची, हे त्या आईला कळण्याचा सोपा मार्ग नाही. छातीत दुखले असते तर कोणाकडे जायचे हे तिला कोणी सांगावे लागले नसते. मनाच्या दुखण्यात मात्र पहिले दार चुकले, तर उपचाराचे मोलाचे महिने वाया जाऊ शकतात.

गोंधळ शब्दांपासूनच का सुरू होतो?

मराठीत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द सरसकट वापरला जातो. बातमीत, पाटीवर आणि बोलण्यात तो कधी औषधे देणाऱ्या डॉक्टरसाठी येतो, तर कधी केवळ संवादातून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञासाठी. वास्तविक हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, त्यांचे शिक्षण वेगळे आहे आणि त्यांची नोंदणीही वेगवेगळ्या परिषदांकडे होते. त्यात ‘डॉक्टर’ या उपाधीची भर पडते. मानसशास्त्रात पीएच.डी. केलेली व्यक्तीही नावाआधी ‘डॉ.’ लावते आणि ते नियमाला धरूनच असते. परंतु त्या पदवीने औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. चित्रपटांनी हा गोंधळ कमी केलेला नाही. गोव्यात घडणाऱ्या ‘डिअर जिंदगी’मध्ये शाहरुख खानने रंगवलेला जहांगीर खान अनेकांच्या मनात ‘मनाचा डॉक्टर’ म्हणून ठसला. त्याचे काम मात्र संवादातून उपचार करणाऱ्याचे होते.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे कोण?

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा आधी वैद्यकीय डॉक्टर असतो. साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्षाची आंतरवासिता आणि त्यानंतर तीन वर्षांचे एमडी किंवा डीएनबी असा हा प्रवास आहे. दोन वर्षांची डीपीएम ही पदविका घेतलेले डॉक्टरही या क्षेत्रात आहेत. म्हणजे बारावीनंतर किमान साडेसात ते साडेआठ वर्षे. राज्यातील डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि तक्रारही तिथेच करता येते.

वैद्यकीय पदवीला इथे महत्त्व आहे, कारण मनाची वाटणारी लक्षणे अनेकदा शरीरातून येतात. थायरॉइडचे कार्य मंदावले किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी माणूस उदास, थकलेला आणि विसराळू होऊ शकतो. उतारवयात अचानक सुरू झालेली बडबड किंवा भ्रम हा संसर्गाचा परिणाम असू शकतो. ही शक्यता तपासणे, रक्ताच्या चाचण्या सांगणे, औषध ठरवणे, रुग्णालयात दाखल करणे आणि गरज पडल्यास भूल देऊन विद्युत उपचार करणे ही कामे मनोविकारतज्ज्ञाची. संवादातून उपचार करण्याचे प्रशिक्षणही त्याला मिळालेले असते. पण बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना प्रत्येकाला पाऊण तास देणे बहुतेकांना शक्य होत नाही. ‘डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळ्या लिहिल्या’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा इथे असते.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ वेगळा कसा?

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, हा वैद्यकीय डॉक्टर नसतो. मानसशास्त्रातील पदवी, पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हा त्याचा रूढ मार्ग. या दोन वर्षांत वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करावे लागते आणि नेमका हाच भाग त्याला मानसशास्त्राच्या इतर पदवीधरांपासून वेगळा करतो. सायडी ही व्यावसायिक डॉक्टरेट हा दुसरा मार्ग आहे. या सर्वांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली ही परिषद केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवते आणि प्रत्येकाला नोंदणी क्रमांक देते.

बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्व, स्मरणशक्ती आणि अध्ययन अक्षमता यांच्या प्रमाणित चाचण्या हे त्याचे खास क्षेत्र. दहावी-बारावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमतेच्या सवलती हव्या असतील, तर अशा चाचण्यांवरच सारी प्रक्रिया उभी असते. दुसरे काम मानसोपचाराचे. वारंवार हात धुण्यासारख्या मंत्रचळात, भीतीच्या झटक्यांत किंवा सौम्य ते मध्यम नैराश्यात ठरावीक पद्धतीने, ठरावीक सत्रांत विचार आणि वर्तन बदलण्याचे उपचार तो देतो. औषध तो लिहून देऊ शकत नाही. तशी गरज दिसली, तर त्याने मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे अपेक्षित असते.

या शिक्षणाची वाट सध्या बदलते आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.फिल. ही पदवी बंद करण्याचा निर्णय झाला. मात्र मनुष्यबळाची चणचण लक्षात घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांपुरती तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. त्यामुळे पुढच्या पिढीच्या पाट्यांवर वेगळ्या पदव्या दिसतील. नोंदणी क्रमांक मात्र तेव्हाही विचारावा लागेल.

मग समुपदेशक कोण?

सर्वाधिक संदिग्धता इथे आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून, समुपदेशनाचे विशेष प्रशिक्षण आणि काही वर्षे अनुभव घेऊन काम करणारे उत्तम समुपदेशक राज्यात आहेत. नात्यांतील ताण, करिअरची निवड, परीक्षेची धास्ती, जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोटानंतरचे सावरणे अशा प्रसंगी त्यांची मदत मोलाची ठरते. दुसरीकडे, काही आठवड्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र मिळवलेली व्यक्तीही स्वतःला समुपदेशकच म्हणवते. ‘समुपदेशक’, ‘थेरपिस्ट’ किंवा ‘लाइफ कोच’ ही पाटी लावण्यापूर्वी परवाना काढावा लागेल, अशी प्रस्थापित व्यवस्था देशात आजवर नव्हती.

ती उभारण्याचा प्रयत्न २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने केला. वर्तन-आरोग्य शास्त्राच्या गटात त्याने मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि मानसिक आरोग्य साहाय्यक यांचा समावेश केला. पुनर्वास परिषदेकडे नोंद होणारे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ त्यातून वगळले आहेत. प्रत्येक राज्याने परिषद स्थापून नोंदणी करायची, अशी ही रचना. अंमलबजावणी मात्र इतकी रेंगाळली, की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. ही नोंदणी सर्वत्र नीट रुळेपर्यंत समुपदेशकाची पारख करण्याचा भार रुग्णाच्या घरच्यांवरच राहतो.

सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका यांची भूमिका काय?

मानसिक आरोग्याच्या चमूतील या दोघांची नावे पाटीवर सहसा नसतात. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे एम.फिल. करतो. रुग्णाच्या घरात काय चालले आहे, कमावते कोण, औषधे कोण देते, दाखला कसा मिळेल, पुन्हा कामावर कसे परतता येईल, हे प्रश्न तो हाताळतो. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण रुग्णालयातून घरी परतल्यावर टिकतो की पुन्हा दाखल होतो, हे बऱ्याच अंशी या कामावर अवलंबून असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजारालाही २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्थान दिले आहे. त्याचे लाभ घरापर्यंत पोहोचवण्याची वाटही अनेकदा याच कार्यकर्त्याकडून जाते.

मानसिक आरोग्य परिचारिका नर्सिंगच्या मूळ शिक्षणानंतर मनोविकार शुश्रूषेची पदविका किंवा पदव्युत्तर पदवी घेऊ शकते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत काय किंवा गोव्यात बांबोळीच्या मनोविकार संस्थेत काय, चोवीस तास रुग्णासोबत असतात त्या परिचारिकाच. रुग्ण जेवला का, गोळी खरोखर गिळली का, रात्री काय बडबडत होता, ही माहिती डॉक्टरला त्यांच्याकडून मिळते.

कायदा काय सांगतो?

१९८७ चा जुना कायदा जाऊन २०१८ पासून मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लागू झाला. त्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि मानसिक आरोग्य परिचारिका यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. डॉक्टरांखेरीज उरलेल्या तिघांची नोंद राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने ठेवायची आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि सिद्ध या शाखांत मनोविकारांची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांनाही कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिक मानले आहे. मात्र कलम १०६ सर्वांना एक मर्यादा घालते : आपल्या व्यवसायक्षेत्रात अधिकृत नसलेले औषध किंवा उपचार कोणीही सुचवू नयेत.

याच कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा आणि स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. ‘इथे बोललेले बाहेर जाणार नाही ना,’ हा प्रश्न म्हणूनच भाबडा ठरत नाही. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, अशा मोजक्या प्रसंगीच त्याला अपवाद आहे. पुनर्वास परिषदेच्या कायद्यातही बिगरनोंदणी काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. तीन दशकांपूर्वी ठरलेल्या या दंडाची आज कोणाला जरब वाटत असेल, असे म्हणणे कठीण आहे.

कोणत्या त्रासासाठी कोणाकडे जावे?

ढोबळ नियम असा सांगता येईल. आयुष्यातील एखाद्या प्रसंगामुळे ताण आहे, पण झोप, भूक आणि रोजची कामे साधारण चालू आहेत, अशा वेळी प्रशिक्षित समुपदेशकापासून सुरुवात करता येते. चिंता, भीती, मंत्रचळ किंवा मुलांच्या शिकण्याच्या अडचणी महिनोन्‌महिने असतील, तर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे जावे. झोप आणि भूक बिघडून दोन आठवडे उलटले, कामावर किंवा वर्गात जाणे बंद झाले, कानात आवाज येतात, विनाकारण संशय वाटतो, अवाजवी उत्साहात पैसे उडवले जातात, दारू सुटत नाही किंवा मरणाचे विचार येतात, तर थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे योग्य. तालुक्यात कोणीच नसेल, तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला दाखवून पुढची चिठ्ठी घेणे, हाही सुरक्षित मार्ग आहे. लातूरच्या त्या मुलाला या हिशेबाने आधी मनोविकारतज्ज्ञाला दाखवायला हवे. अभ्यासाच्या ताणाचे समुपदेशन त्यासोबत किंवा त्यानंतर चालू राहू शकते.

अनेक आजारांत दोन्ही उपचार एकत्र लागतात. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ जातो. त्याआधीच ‘गुण नाही’ म्हणून, किंवा ‘गोळ्यांची सवय लागेल’ या भीतीने औषध मध्येच थांबवणे घातक ठरू शकते. सवय लागण्याचा धोका प्रामुख्याने झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्यांच्या एका गटाबाबत असतो, म्हणूनच त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली मर्यादित काळ घ्यायच्या असतात.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

आपले शिक्षण कोणते, नोंदणी कोणत्या परिषदेकडे, क्रमांक काय, अशा प्रकारच्या त्रासावर किती काळ काम केले आहे, साधारण किती सत्रे लागतील, प्रत्येक सत्राचे शुल्क किती आणि औषधाची गरज वाटली तर कोणाकडे पाठवाल, हे सात प्रश्न पुरेसे आहेत. डॉक्टरचा क्रमांक वैद्यक परिषदेच्या आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचा पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही तपासता येतो. समुपदेशकाबाबत पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि प्रत्यक्ष काम कोणाच्या देखरेखीखाली शिकले, हे विचारावे. या प्रश्नांचा राग येणाऱ्याकडे दुसऱ्यांदा न जाणे बरे. ‘हमखास बरे करतो’, ‘तीन सत्रांत नैराश्य गायब’, ‘डॉक्टरच्या गोळ्या आजच बंद करा’ असे सांगणाऱ्यापासूनही दूरच राहावे.

पण तज्ज्ञच पुरेसे नसतील तर?

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात एक लाख लोकसंख्येमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. अपेक्षित प्रमाण तीनचे. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत विविध मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नसल्याचे दिसले होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. जे तज्ज्ञ आहेत, तेही बहुतांश शहरांत एकवटलेले आहेत.

यावरचा एक मार्ग गोवा आणि विदर्भाने दाखवला आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मानस’ प्रयोगात स्थानिक, बिगरवैद्यकीय व्यक्तींना प्रशिक्षण देऊन सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. तिथे नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ उपक्रमात गावातील कार्यकर्त्यांना अशीच जबाबदारी दिली गेली. त्यानंतर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. या दोन्ही ठिकाणी कार्यकर्त्यांना ठरावीक प्रशिक्षण होते, वरिष्ठांची देखरेख होती आणि गंभीर रुग्ण वर पाठवण्याची साखळी होती. कमी शिकलेली व्यक्तीही मनाचे दुखणे हलके करू शकते, पण ती कोणाला तरी उत्तरदायी हवी, हा त्यातला धडा.

खर्चाचे आणि विम्याचे काय?

२०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात आणि मनाच्या उपचारांचा मोठा भाग दाखल न होता, दर आठवड्याच्या सत्रांत होतो. त्यामुळे समुपदेशनाचे पैसे अनेकांना खिशातूनच भरावे लागतात. परवडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा बाह्यरुग्ण विभाग हे पर्याय आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. कोणी स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल, तर त्याला एकटे न सोडता १०८ किंवा ११२ वर तातडीने मदत मागवावी.

पुढे काय व्हायला हवे?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर निर्देश देताना, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सांगितले. कोचिंग संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. निर्देश स्वागतार्ह आहे, पण सारी मदार ‘पात्र’ या शब्दावर आहे. पात्रता ठरवणारी आणि तपासणारी यंत्रणा रुळलेली नसेल, तर एखाद्या शिक्षकालाच दोन दिवसांचे शिबिर करवून समुपदेशकाची पाटी देण्याची पळवाट खुली राहते. नियम पाळल्याची नोंद होईल, पण वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाच्या हाती काही लागणार नाही.

म्हणून राज्य परिषदेची समुपदेशक नोंदणी मार्गी लावणे, कोणालाही मोबाइलवर तपासता येईल अशी मराठीतील एकच यादी तयार करणे आणि जिल्हा रुग्णालयांतील मानसशास्त्रज्ञ व सामाजिक कार्यकर्त्यांची पदे भरलेली ठेवणे, ही तीन कामे सरकारने लांबवू नयेत. ‘वेड’ या शब्दाची भीती ओलांडून दार ठोठावायला लोक आता कुठे तयार होऊ लागले आहेत. त्या दारामागे बसलेली व्यक्ती प्रशिक्षित आहे एवढी खात्री त्यांना देणे ही सरकारचीच जबाबदारी आहे.